एमएस असताना कोलाडला राफ्टिंग करताय? या चुका टाळा

पहिल्यांदा कोलाडला गेले तेव्हा ग्रुपमधे कुणालाच सांगितलं नव्हतं की मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मणक्यातल्या नसांचा आजार) आहे, आणि सगळ्यात मोठी चूक तीच. राफ्टिंग एकट्याचं नसतं, तुमचं पॅडल थांबलं की राफ्ट तिरकी होते आणि बाकीच्यांना कळतच नाही की काय झालं. आता मी आधीच गाईडदादांना बाजूला घेऊन सांगते की डावा पाय बधिर आहे, दमले तर थांबीन. मग ते मला मधे बसवतात, कारण पुढच्या दोघांच्या तालावर सगळे पॅडल मारतात आणि तिथे मधेच थांबून चालत नाही.

दुसरी चूक, पाण्याला घाबरायचं आणि उन्हाकडे लक्षच द्यायचं नाही. इथल्या कुंडलिका नदीला मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी सुटतं म्हणून राफ्टिंगही सकाळीच असतं, पण जॅकेट हेल्मेट चढवून सूचना ऐकत काठावर उभं राहण्यातच अंग तापतं. आपल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब झालेलं असतं ना, त्यामुळे अंग अर्धा डिग्री जरी तापलं तरी सिग्नल अडकू शकतो. उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1890 मधेच हे लिहून ठेवलंय, व्यायाम केला की पेशंटना धूसर दिसायचं. माझंही तसंच झालं, समोरच्याचं हेल्मेट नुसता लाल डाग दिसायला लागलं, आणि मी घाबरून रडायच्या बेतात. सावलीत बसून मानेवर ओला पंचा ठेवला की हे बहुतेक वेळा उतरतं. म्हणून जॅकेट शेवटी घाला. पण गार झाल्यावरही त्रास गेला नाही किंवा नवीनच काहीतरी सुरू होऊन 24 तास टिकलं तर ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नका, न्यूरॉलॉजिस्टला फोन करा. रिलॅप्स (आजार पुन्हा उसळणं) चालू असेल तर जाऊच नका.

आता पाय. राफ्टमधे आडव्या ट्यूबखाली पाऊल अडकवून बसायचं असतं. माझं बधिर पाऊल घोट्यापर्यंत आत गेलं होतं आणि मला पत्ताच नाही, उतरताना हाताने ओढून काढावं लागलं, राफ्ट उलटली असती तर काय झालं असतं हा विचार अजून येतो. आता चांगला पाय आत, बधिर पाय नुसता टेकवलेला, आणि प्रत्येक रॅपिडच्या (खळाळत्या पाण्याच्या टप्प्याच्या) आधी डोळ्यांनी बघून घ्यायचं. चप्पल नको, घट्ट बसणारे बूट हवेत. पडलात तर पाठीवर, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने, जोरात पाणी असताना उभं राहायला जाऊ नका.

पॅडलच्या वरच्या मुठीवरची पकड सुटली तर ती मूठ शेजारच्याच्या तोंडावर बसते, म्हणून कुठल्या बाजूला बसलं की कमजोर हाताला सोपं जातं ते काठावरच करून बघा.

लघवीची घाई होईल म्हणून सकाळपासून पाणी न पिणं हे तर आपल्यात सगळेच करतात. करू नका हो, त्याने थकवा वाढतो. निघायच्या आधी जाऊन या, बस्स. थंडीत गार पाण्याने काहींचे पाय आखडतात तेही लक्षात ठेवा.

परतताना मी गाडी चालवत नाही, मागच्या सीटवर आडवी होते, आणि सोमवारची सुट्टी बुकिंगच्याच दिवशी टाकून ठेवते.