घरच्या सरावासाठी गोल्फ लाँच मॉनिटर घेताय? या चुका टाळा

रविवारी पहाटे ठाण्याहून निघून खारघर व्हॅलीच्या सिडकोच्या मैदानावर पोहोचायचं, खेळायचं आणि पुढचे सहा दिवस क्लबला, म्हणजे गोल्फच्या काठीला, हात लागायचा नाही. नोकरी सांभाळून खेळणाऱ्या बहुतेकांचं हे असंच चालतं. म्हणून घरी नेट, मॅट आणि लाँच मॉनिटर, म्हणजे फटक्यानंतर बॉलचा वेग, कोन आणि अंतर सांगणारं यंत्र, घ्यावा असं वाटणं अगदी रास्त आहे. माझा स्वतःचा खेळ घरच्या सरावानेच सुधारला. पण हे यंत्र घेताना लोक ज्या क्रमाने विचार करतात, तो क्रमच बहुतेक वेळा उलटा असतो. आधी मॉडेल ठरतं, पैसे भरले जातात आणि मेजपट्टी बाहेर येते ती खोकं घरी आल्यावर.

मेजपट्टी आधी घ्या. रडारवर चालणारं यंत्र बॉलच्या मागे ठेवतात, कारण बॉल उडत दूर जाताना ते त्याचा वेग आणि कोन पकडतं. गार्मिनचा आर-१० बॉलच्या मागे ६ ते ८ फुटांवर ठेवायचा असतो आणि पुढे नेटपर्यंत किमान ८ फूट मोकळे लागतात. म्हणजे १४ ते १६ फूट झाले. नेट मागे फुगतं, त्याला आणखी एखादा फूट धरा. आमचा घोडबंदर रोडवरचा हॉल दारापासून बाल्कनीच्या काचेपर्यंत १७ फूट आहे, सोफा सरकवला की जेमतेम जमतं. ७ आयर्नचा (मधल्या अंतराचा क्लब) ताशी १२० मैल वेगाचा बॉल ते ८ फूट ०.०५ सेकंदाच्या आत कापतो. रडारला बघायला मिळतं ते एवढंच, त्यातही कपात केली तर उरलेलं सगळं अंदाजपंचे.

खोली १२-१३ फुटांची असेल तर रडारचा हट्ट सोडा. कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रं, उदाहरणार्थ स्कायट्रॅक किंवा फोरसाइटचं जीसी-३, बॉलच्या बाजूला बसतात आणि फटका बसताच बॉलचे फोटो घेतात. मागे जागा लागत नाही. किंमत मात्र बरीच वर जाते. घरात एक उजवा आणि एक डावखुरा खेळाडू असेल तर दर वेळी यंत्र उचलून पलीकडे न्यावं लागेल, हेही आधीच लक्षात घ्या.

लांबीपेक्षा जास्त फसवते ती उंची. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे साधारण ९ फूट आहे. त्यात फॉल्स सीलिंग आलं की हातात साडेआठ उरतात. आणि मधोमध पंखा! घरातल्या कुणाला तरी बाजूला उभं करून आधी आखूड वेज, मग ७ आयर्न, मग सर्वांत लांब क्लब म्हणजे ड्रायव्हर अगदी सावकाश वर नेऊन बघा. क्लब छताला लागत नाही एवढ्यावर समाधान मानू नका. छत जवळ आहे हे शरीराला कळतं आणि ते नकळत हात आखडतं. मग यंत्र तुमचा खरा स्विंग मोजत नाही, हॉलपुरता तयार झालेला वेगळाच स्विंग मोजतं, आणि तोच अंगवळणी पडतो. माझं प्रामाणिक मत असं की ९ फुटांच्या खाली घरात ड्रायव्हर मारूच नये. आयर्नचा सराव मन लावून करा, ड्रायव्हर रेंजवर, म्हणजे सरावाच्या मोकळ्या मैदानावर, मारा.

दुसरी मोठी चूक म्हणजे स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा मोजलेला आहे असं धरून चालणं. बॉलचा वेग आणि उडण्याचा कोन यंत्र बहुधा खरोखर मोजतं. कॅरी, म्हणजे बॉल हवेतून जातो ते अंतर, हा हिशेब असतो, कारण बॉल तर नेटमध्ये अडकलेला असतो. स्पिनचं, म्हणजे बॉलच्या फिरकीचं, तर विचारूच नका. साधा बॉल आणि छोटी खोली असेल तर अनेक स्वस्त रडार यंत्रं स्पिनचा अंदाज बांधतात. म्हणून टायटलिस्टने २०२२ मध्ये रडारला दिसतील असे आरसीटी बॉल आणले, फ्लाइटस्कोपच्या मेव्हो प्लससाठी बॉलवर धातूचा छोटा ठिपका चिकटवतात आणि रॅप्सोडोच्या एमएलएम-२ प्रोला खास खुणांचे बॉल लागतात. विकत घेण्याआधी विक्रेत्याला थेट विचारा : घरात, साध्या बॉलवर, यातलं काय मोजलं जातं आणि काय नुसतं हिशेबाने काढलं जातं? शिवाय ॲपची वर्गणी किती, तुमच्या अँड्रॉइड फोनवर ते चालतं का आणि वॉरंटी भारतात मिळते का, हेही लेखी घ्या.

आकडे विचित्र येत असतील तर

नेरूळला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा फोन आला, "दादा, सगळे बॉल उजवीकडेच दाखवतंय, माझी ग्रिप बिघडलीय का?" तीन आठवडे तो ग्रिप बदलत होता, बिचारा. जाऊन पाहिलं तर यंत्र थोडं तिरकं ठेवलेलं. ३ अंशांचा तिरकेपणा १५० यार्डांवर जवळपास ८ यार्डांची चूक दाखवतो. फरशीवर रंगीत चिकटपट्टीची सरळ रेघ मारली आणि प्रश्न मिटला. त्याची मॅट दीड इंच जाड होती आणि यंत्र खाली टाइलवर. यंत्राखाली तेवढ्याच जाडीची फळी ठेवल्यावर उडण्याचा कोनही जागेवर आला.

मधेच शॉट नोंदला जात नसेल तर रडारच्या बाबतीत आधी पंखा आणि जुनी ट्यूबलाइट बंद करून बघा. रडार हालचाल शोधतं आणि फिरतं पातं ही हालचालच आहे. कॅमेऱ्याच्या यंत्राला बाल्कनीतून येणारं थेट ऊन त्रास देतं, पडदा ओढा. फोमचे हलके बॉल वापरून अंतर बघू नका, हिशेब खऱ्या बॉलचा असतो.

एक सोपी परीक्षा सांगतो. बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग, याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरवर तो १.५ च्या आसपास संपतो. १.६ दिसलं तर खूश होऊ नका, यंत्राने क्लबचा वेग चुकीचा वाचलाय. लाँच मॉनिटर बनवणाऱ्या ट्रॅकमॅन कंपनीच्या आकडेवारीत पीजीए टूरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या, पुरुष खेळाडूंचा ७ आयर्नचा सरासरी कॅरी १७२ यार्ड होता. तुमचं यंत्र घरात १८० दाखवत असेल तर ॲपमधली समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तापमान तपासा. पुण्याच्या उंचीवर बॉल ठाण्यापेक्षा सुमारे दोन टक्के लांब जातो, सेटिंग तिथलं राहिलं की फरक पडतो.

मॅटचा धोका मात्र कुठलंही यंत्र सांगत नाही. क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागला तरी मॅटवर तो घसरून पुढे जातो आणि आकडे चांगले येतात. तोच फटका खारघरच्या गवतावर ४० यार्ड कमी पडतो. म्हणून बॉलच्या मागे चार बोटांवर एक टॉवेल पसरून ठेवा. टॉवेल हलला तर तो शॉट वहीत धरायचा नाही, स्क्रीन काहीही म्हणो.

आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंशी आधी बोला. मॅटवरचा धप्प आवाज स्लॅबमधून थेट त्यांच्या बेडरूममध्ये उतरतो. मॅटखाली जाड रबराचा थर घाला, रात्री नऊनंतर मारू नका. पावसाळ्यात यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, खाडीकाठच्या घरांत तर नक्कीच.

यंत्र आलं की पहिल्याच रविवारी ते रेंजवर न्या. तेच बॉल, तोच ७ आयर्न, दहा फटके. बॉल प्रत्यक्ष कुठे पडला ते पाहून घरच्या आकड्याशेजारी वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे : घर १४६, मैदान १३९. क्लब निवडताना मी अजूनही तो सात यार्डांचा फरक वजा करतो.