मूल होत नसल्यास आधी पतीची तपासणी: पुरुष वंध्यत्व आणि उपचारांचे मार्ग

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की मराठवाड्यातील बहुतेक घरांत दवाखान्याची वाट आधी सुनेला दाखवली जाते. तिची सोनोग्राफी होते, रक्ताच्या तपासण्या होतात, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे होतो, कधी दुर्बिणीची तपासणीही उरकते. पतीचे नाव मात्र सर्वांत शेवटी निघते. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासोबत आढळते. ते शोधणारी वीर्य तपासणी स्वस्त आहे, तिला सुई टोचावी लागत नाही आणि तिचा रिपोर्ट सहसा त्याच दिवशी मिळतो. पतीची ही तपासणी झाल्याशिवाय पत्नीवर कोणतीही शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही तर दोघांनी एकाच वेळी तपासणी सुरू करावी. पत्नीचे वय 35 च्या पुढे असल्यास वर्षभर न थांबता सहा महिने होताच जावे. पतीला लहानपणी वृषण खाली न उतरल्याचा त्रास होता, गालगुंडात अंडकोश सुजला होता, हर्नियाचे ऑपरेशन किंवा कर्करोगाचे उपचार झाले होते, तर तेवढेही थांबू नये.

नमुना कसा दिला यावर रिपोर्टचा खरेपणा अवलंबून असतो. त्याआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यपात झालेला नसावा. नमुना हस्तमैथुनाने, प्रयोगशाळेने दिलेल्या रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीतच घ्यावा. साबण, तेल किंवा थुंकी वापरू नये आणि साधा निरोधही नको, कारण त्यातील रसायनांनी शुक्राणू मरतात. वीर्याच्या पहिल्या भागात शुक्राणू सर्वांत जास्त असतात. तो भाग सांडला असेल तर संकोच न करता सांगावे, नाहीतर चांगल्या पुरुषाचाही रिपोर्ट वाईट येतो. शक्यतो नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. घरून आणायचाच असेल तर तो तासाभरात पोहोचला पाहिजे. डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात अंगालगत ठेवावी. बर्फात घालू नये आणि मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतही टाकू नये. वसमत किंवा भूम तालुक्यातील खेड्यातून नमुना घेऊन एसटीने निघण्यापेक्षा मुक्कामाच्या तयारीने शहरात जाणे बरे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेनुसार खालची मर्यादा अशी आहे: वीर्य 1.4 मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, त्यांपैकी 42 टक्के हलणारे आणि 30 टक्के पुढे सरकणारे, तर 4 टक्के सामान्य आकाराचे. ‘फक्त 4 टक्के चांगले’ हे वाचून अनेकांच्या पोटात गोळा येतो. पण निरोगी पुरुषांतही बहुतेक शुक्राणू वेड्यावाकड्या आकाराचेच असतात. एका रिपोर्टवर निकाल लावू नये. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे टायफॉइड किंवा डेंग्यूच्या तापाचा परिणाम पुढच्या रिपोर्टात उमटतो आणि नंतर ओसरतो. दोष आढळल्यास काही आठवड्यांनी, आणि मध्ये मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी, तपासणी पुन्हा करावी.

दुसराही रिपोर्ट कमी आला, तर पतीला मूत्रविकारतज्ज्ञाकडे, शक्यतो पुरुष वंध्यत्वाचे काम करणाऱ्याकडे, नेले पाहिजे. नुसत्या कागदावरून गोळ्या लिहून देणाऱ्याकडे पैसे आणि महिने दोन्ही जातात. तज्ज्ञ पुरुषाला उभे करून तपासतात, वृषणांचा आकार पाहतात, शुक्रवाहिनी हाताला लागते का हे पाहतात आणि जोर करायला सांगून अंडकोशाच्या शिरा चाचपतात. या फुगलेल्या शिरांना व्हॅरिकोसील म्हणतात. त्या बहुधा डाव्या बाजूला असतात आणि हाताला गांडुळांच्या गुंत्यासारख्या लागतात. शिरा हाताला लागत असतील, रिपोर्ट कमी असेल आणि पत्नीचे वय थांबण्याजोगे असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेने अनेकांचे शुक्राणू तीन ते सहा महिन्यांत सुधारतात. फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक शिरांसाठी ऑपरेशन करू नये.

काही कारणे आपल्या हातातली असतात. तंबाखू, गुटखा, बिडी आणि दारू बंद करावी. कापूस-सोयाबीनवर पाठीवरच्या पंपाने फवारणी करणाऱ्यांनी हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत आणि काम संपताच अंघोळ करावी. वीटभट्टी किंवा हॉटेलच्या भट्टीसमोर सतत बसणाऱ्यांना उष्णतेचाही त्रास होतो. येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे: पुरुषत्व वाढेल म्हणून टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेऊ नये. बाहेरून हे हार्मोन मिळाले की मेंदू वृषणांना आदेश देणे थांबवतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. व्यायामशाळेत मिळणाऱ्या स्टिरॉइडचेही तेच. ती बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्यात कित्येक महिने जातात.

रिपोर्टात शुक्राणू शून्य आले, तर घरात रडारड होते. पण शून्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात शुक्राणू तयार होतात, वाट मात्र बंद असते: नसबंदी, जुना जंतुसंसर्ग किंवा जन्मतः शुक्रवाहिनी नसणे ही त्याची कारणे. येथे नसबंदी उलटवता येते किंवा सुईने शुक्राणू थेट काढता येतात. जन्मतः नलिका नसेल तर सीएफटीआर जनुकाची तपासणी पती-पत्नी दोघांचीही करावी लागते, कारण या जनुकात दोघांतही दोष असल्यास बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसे आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार होऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात निर्मितीच तुटपुंजी असते. त्यासाठी एफएसएच (मेंदूकडून वृषणांना आदेश देणारे हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन, गुणसूत्रांची तपासणी आणि वाय गुणसूत्राची तपासणी आवश्यक आहे. वाय गुणसूत्राचा एझेडएफए किंवा एझेडएफबी हा भाग पूर्ण गळालेला असल्यास शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते, आणि हे आधी कळले तर एक व्यर्थ शस्त्रक्रिया टळते. एझेडएफसी गळालेला असल्यास शुक्राणू मिळू शकतात, पण दोष मुलग्याकडे जातो. इतरांत सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून शुक्राणू शोधण्याची मायक्रो-टेसे ही शस्त्रक्रिया साधारण निम्म्या रुग्णांत यशस्वी होते. मेंदूकडून हार्मोनच कमी येत असतील, तर एचसीजी आणि एफएसएच या हार्मोनांच्या इंजेक्शनांनी सहा महिने ते दोन वर्षांत शुक्राणू येऊ शकतात. शून्यावर औषधाने इलाज होणारा हा मोजक्या प्रकारांपैकी एक आहे, म्हणून तो नजरेतून सुटता कामा नये.

पुढची पायरी शुक्राणूंच्या संख्येवर ठरते. धुऊन वेगळे केलेले हलते शुक्राणू 50 लाखांच्या वर असतील आणि पत्नीची किमान एक नलिका मोकळी असेल, तर आययूआय, म्हणजे हे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणे, करून पाहता येते. ते तीन-चार वेळा फसल्यावर पुढे जावे. संख्या फार कमी असल्यास किंवा शुक्राणू वृषणातून काढलेले असल्यास इक्सी हाच मार्ग उरतो. यात एकेक शुक्राणू थेट अंड्यात सोडतात. या पद्धतीने झालेले पहिले गर्भधारण ब्रुसेल्समधील डॉक्टरांनी 1992 मध्ये जगापुढे मांडले. मात्र दोष पतीचा असला, तरी दहा-बारा दिवसांची इंजेक्शने आणि भूल देऊन अंडी काढणे पत्नीच्याच वाट्याला येते. अंड्यांचे वय हेच यशाचे सर्वांत मोठे माप असल्यामुळे, पत्नी पस्तिशीच्या पुढे असेल तर पतीवर वर्षभर गोळ्यांचे प्रयोग करणे हे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या सन 2021 च्या कायद्यानुसार असे उपचार करणाऱ्या केंद्रांची नोंदणी सक्तीची आहे. प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत आणि इंजेक्शने, गोठवणे, पुढच्या खेपेचा खर्च हे सारे लेखी मागावे. वयाची मर्यादा पत्नीसाठी 50 च्या आत आणि पतीसाठी 55 च्या आत आहे. दात्याचे वीर्य घ्यायचे ठरल्यास ते नोंदणीकृत बँकेतूनच येते, दात्याची ओळख गुप्त राहते आणि होणारे मूल कायद्याने त्या जोडप्याचेच असते. ‘घरातलेच कोणी’ असा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही तरतूद सांगावी. या निर्णयासाठी पतीची लेखी संमती लागते. त्याचे मन तयार नसेल तर थांबावे. दत्तक घेणाऱ्यांनी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी करावी, प्रतीक्षा लांब असते, म्हणून उपचार सुरू असतानाच तिचा विचार करणे शहाणपणाचे.

आपल्याकडील जोडपी लातूरहून पुण्याला, नांदेडहून हैदराबादला जातात आणि दर ठिकाणी तपासण्या पहिल्यापासून होतात. दोघांची एकच फाईल करावी: वीर्य तपासणीचे सर्व रिपोर्ट तारखेनुसार, हार्मोन व जनुक तपासण्या, पत्नीचे एएमएच (अंड्यांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) आणि नलिकांचा एक्स-रे, शस्त्रक्रियेची टिपणे, आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या. मूळ कागद स्वतःकडे ठेवून डॉक्टरांना छायाप्रती द्याव्यात, आणि शुक्राणू किंवा गर्भ गोठवले असतील तर त्यांच्या साठवणुकीची पावती या फाईलमध्ये सर्वांत वर लावावी.