वीज आल्यावर काट्याचे वजन संगणकावर येत नसेल तर

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) फाटकावर गाड्यांची रांग असताना वीज जाऊन येते आणि वजनकाट्याच्या इंडिकेटरवर (वजन दाखवणाऱ्या यंत्रावर) आकडा दिसूनही संगणकावर तो उमटत नाही. नागपूर-अमरावतीहून तंत्रज्ञ येईपर्यंत थांबण्याआधी पुढील तपासणी करावी.

प्रथम नेटवर्क केबलच्या सॉकेटजवळचा दिवा पाहावा. तो विझलेला असल्यास केबल किंवा नेटवर्क स्विच (केबल एकत्र जोडणारी पेटी) तपासावा (सरकी असते तिथे उंदीरही असतात).

दिवा लागलेला असल्यास विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्यावी. संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. अशा वेळी इंडिकेटरचा पत्ता १९२.१६८.१.५० असल्यास संगणकाला १९२.१६८.१.२० यासारखा, दुसऱ्या कोणत्याही उपकरणाला न दिलेला पत्ता हाताने द्यावा आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा.

त्यानंतर इंडिकेटरच्या पत्त्यावर पिंग करावे, म्हणजे ‘ping’ या आज्ञेने त्याच्याकडून उत्तर येते का ते पाहावे. येथे बहुतेकांची फसगत होते: ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ (समोरच्या उपकरणापर्यंत पोहोचता येत नाही) हे उत्तर संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यावरून येते, तरी विंडोज ते ‘रिसीव्हड’मध्ये (मिळालेल्या उत्तरांत) मोजते, म्हणून उत्तर कोणत्या पत्त्यावरून आले ते वाचावे. उत्तर इंडिकेटरचेच असेल, तर वजनाच्या सॉफ्टवेअरमधील पोर्ट क्रमांक (इंडिकेटरशी जोडणीचा क्रमांक) व संगणकाची फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी सुरक्षा) पाहावी.

इंडिकेटरच्या कॅलिब्रेशन मेन्यूला आणि वैधमापन (वजनमापे तपासणाऱ्या सरकारी) खात्याच्या सीलला मात्र हात लावू नये.