सुट्टीत पोरांची दोन भांडणं एका फूटपट्टीने मिटवा

मे महिन्यात आमच्याकडे भाचे-पुतणे मिळून सात जण जमतात, 12 ते 4 उन्हात बाहेर सोडता येत नाही म्हणून मोबाइलवरून मारामाऱ्या आणि 5 वाजले की पहिली बॅटिंग कोणाची यावरून परत मारामाऱ्या. यंदा हे करून बघितलं:

1. कागदावर जितकी पोरं तितक्या उभ्या रेषा मारा, वरच्या टोकाला उलटसुलट नंबर टाका आणि नंबर फूटपट्टीखाली झाका, गल्लीत बॅटखाली नंबर पाडतो तस्सं. प्रत्येकाने एक रेष निवडायची.

2. पट्टी उचलली की त्याच नंबराने एकेकाने गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचायचं, दोन-दोन पानं. संध्याकाळी बॅटिंगचा नंबरही तोच. वाचलं नाही तर शेवटी.

3. गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक बंद, बाकीचं उद्या. शिव्या पडतात, पण दुसऱ्या दिवशी हाक मारावी लागत नाही.

हे सगळं जेवणाआधी उरका हां, आमरस-पुरी झाल्यावर वाचणारा राहू दे, ऐकणारेपण आडवे होतात (आमचे मोठे काका तर ताटावरच पेंगतात). पहिलीतल्या धाकटीला अजून नीट वाचता येत नाही, ती चित्रं बघून सांगते, ते चालतं, कधीकधी मूळ गोष्टीपेक्षा भारी असतं.

फक्त एक, वाचताना कोणी अडखळलं तर मोठ्यांनी मधेच चुका काढू नका आणि बाकीच्यांना हसू देऊ नका, एकदा पोर लाजलं की बॅटिंग गेली तरी चालेल म्हणतं पण वाचत नाही.