बर्नीत नव्याने येताय? आधी ‘युनियन’ समजून घ्या

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर राहायला येणारी आपली माणसं साधारण दोन वाटांनी येतात. कोणी मेलबर्नजवळच्या जिलाँगहून गाडी फेरीत घालून डेव्हनपोर्टला उतरतं, कोणी बर्नीच्या नाहीतर लट्रोबच्या हॉस्पिटलात नोकरी धरून येतं. मला फोन येतात तेव्हा प्रश्न ठरलेले असतात: घरभाडं किती, शाळा कुठली, तूरडाळ कुठे मिळते, ४९१ व्हिसावर (प्रादेशिक भागासाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर) पुढे काय. त्यांची उत्तरं मी देतेच. त्यानंतर मात्र एक गोष्ट माझ्याकडून सांगते, कारण मी आले तेव्हा ती मला कोणी सांगितली नव्हती. इथे एक फुटबॉल लीग होती, आपल्या ओळखीच्या फुटबॉलची नव्हे, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची. ती बंद पडून चाळीस वर्षं होत आली. तिचा इतिहास शिकून घ्या.

तिचं नाव नॉर्थ वेस्ट फुटबॉल युनियन. १९१० मध्ये सुरू झाली, १९८६ च्या हंगामानंतर संपली. जुनी माणसं कधी एनडब्ल्यूएफयू म्हणतात, कधी नुसतं ‘युनियन’. आपल्या कानाला युनियन म्हणजे कामगारांची, त्यात बर्नी हे पेपर मिलचं गाव, त्यामुळे गोंधळ होतोच. एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या देखभालीच्या कामाला लागल्यावर पहिले काही आठवडे मीही तोच अर्थ घेत होते. ‘युनियनच्या दिवसांत’ असं कोणी म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे मिलचा दरवाजा यायचा. ते बोलत असायचे शनिवारच्या मॅचबद्दल.

त्या काळी टास्मानियात तीन मोठ्या लीग होत्या. दक्षिणेत होबार्टची, उत्तरेत लॉन्सेस्टनची आणि या किनाऱ्याची ही. तिचे क्लब म्हणजे इथला नकाशाच. बास हायवेने पश्चिमेकडून निघा: स्मिथटन, विनयार्ड, कूई, बर्नी, पेंग्विन, अल्व्हरस्टोन, डेव्हनपोर्ट, ईस्ट डेव्हनपोर्ट, लट्रोब. बर्नीहून विनयार्ड वीस किलोमीटरच्या आत, अल्व्हरस्टोन तीसच्या आत, डेव्हनपोर्ट पन्नासच्या आसपास. आपल्याला ही अंतरं म्हणजे काहीच नाही, ठाणे-कल्याण. इथे मात्र प्रत्येक गावाचं मैदान वेगळं, जर्सीचे रंग वेगळे आणि माणसं आपल्या गावाची.

दोन जोड्या मुद्दाम लक्षात ठेवा. फेरी जिथे लागते ते ईस्ट डेव्हनपोर्ट. मर्सी नदीच्या पलीकडे डेव्हनपोर्ट. नकाशात एकच शहर दिसतं, पण क्लब दोन: नदीच्या पूर्वेचे स्वान्स आणि पश्चिमेचे मॅगपाइज. तसंच कूई हा बर्नीचाच भाग, तरी त्याचा क्लब बर्नीहून वेगळा होता. ‘तुम्ही बर्नीचे ना?’ असं कूईच्या जुन्या माणसाला विचारलंत, तर तो आधी तुमची चूक दुरुस्त करेल आणि मगच पुढे बोलेल.

या किनाऱ्यावर आजही ज्या मॅचचं नाव निघालं की सगळे सरसावून बसतात, ती १९६७ ची. राज्याच्या विजेतेपदाचा अंतिम सामना, बर्नीच्या वेस्ट पार्क मैदानावर. युनियनचा विजेता विनयार्ड आणि समोर राजधानीतला नॉर्थ हॉबर्ट. शेवटचे काही क्षण उरले होते आणि विनयार्ड एका गुणाने पुढे होता. तेवढ्यात नॉर्थ हॉबर्टच्या कॉलिन्सने गोलसमोर मार्क घेतला, म्हणजे लाथेने आलेला चेंडू हवेतल्या हवेत झेलला. या खेळात मार्क घेणाऱ्याला निवांत किक मारायचा हक्क मिळतो, मध्ये सामना संपल्याचा सायरन वाजला तरी. सायरन वाजला. सरळ गोल झाला असता तर सहा गुण आणि विजेतेपद नॉर्थ हॉबर्टचं. पण लोक मैदानात घुसले आणि त्यांनी गोलचे खांबच उपटून काढले. किक मारायला गोल उरला नाही. सामन्याचा निकाल लागला नाही आणि त्या वर्षी राज्याचं विजेतेपद कोणालाच मिळालं नाही.

माझ्या कामाच्या ठिकाणी एक आजोबा होते, विनयार्डकडचे शेतकरी. मी ही गोष्ट त्यांच्याकडून निदान दहा वेळा ऐकली. दर वेळी ते मैदानात धावत गेलेले असायचे आणि दर वेळी त्यांनी खांबाला हात लावलेला नसायचा. जेवायला नाही म्हणायचे तेव्हा मी फक्त विचारायची, ‘कॉलिन्सने मारली असती तर गेली असती का आत?’ मग चमचा हातात घ्यायचे आणि पुढची वीस मिनिटं बोलत जेवायचे. नर्सिंगच्या कुठल्याही वर्गात मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरं नाव डॅरेल बाल्डॉक. याला सगळे ‘डॉक’ म्हणायचे. जन्म डेव्हनपोर्टचा, सुरुवातीचा खेळ ईस्ट डेव्हनपोर्टचा. मेलबर्नला सेंट किल्डा क्लबात गेला आणि १९६६ मध्ये त्याच्या कप्तानीखाली सेंट किल्डाने विजेतेपद मिळवलं, एका गुणाने. त्या क्लबाला त्याआधीही मिळालं नव्हतं आणि त्यानंतर आजपर्यंत मिळालेलं नाही. इतकं मिळवून हा माणूस परत किनाऱ्यावर आला. लट्रोबसारख्या लहान गावाचा खेळाडू-प्रशिक्षक झाला आणि १९६९ ते १९७२ सलग चार वर्षं लट्रोबने युनियन जिंकली. १९७२ मध्येच तो लेबर पक्षाकडून राज्याच्या विधानसभेत निवडून गेला. मेलबर्नला गेलेला माणूस परत येतो आणि गावासाठी खेळतो, हे या लोकांना किती मोठं वाटतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपण तर परतीच्या प्रश्नावरच रात्री काढतो.

मग एवढी लीग बंद का पडली? होबार्टच्या लीगला राज्यभराची एकच स्पर्धा हवी होती. १९८६ मध्ये लॉन्सेस्टनकडचे क्लब तिकडे गेले, १९८७ मध्ये इथून डेव्हनपोर्ट आणि कूई. कूईने जाताना नावही बदललं, बर्नी हॉक्स झाला. दोन दमदार क्लब गेल्यावर युनियनमध्ये जीव उरला नाही. राहिलेले क्लब लॉन्सेस्टन बाजूच्या राहिलेल्यांबरोबर नॉर्दर्न टास्मानियन फुटबॉल लीगमध्ये गेले. मेलबर्नची मोठी लीगही नेमकी १९८७ मध्येच ब्रिस्बेन आणि पर्थपर्यंत पसरली आणि चांगली पोरं आणि लोकांचं लक्ष दोन्ही तिकडे ओढलं गेलं.

माझ्या मते ज्यासाठी युनियन मोडली ते या किनाऱ्याला लाभलं नाही. ती राज्यव्यापी लीग २००० नंतर बंद झाली. २००९ मध्ये पुन्हा उभी केली, तर २०१८ चा हंगाम सुरू होण्याआधी डेव्हनपोर्ट आणि बर्नी दोघेही बाहेर पडून आपल्या किनाऱ्याच्या लीगमध्ये परतले. तिचं, म्हणजे त्या नॉर्दर्न टास्मानियन लीगचं, आजचं नाव नॉर्थ वेस्ट फुटबॉल लीग. २०२४ नंतर राज्यव्यापी लीग पुन्हा संपली. मी लालबागची. आमच्याकडे गिरण्या गेल्या तरी कबड्डीची मंडळं राहिली, माझे वडील शेवटपर्यंत मैदानाच्या कडेला जाऊन बसायचे. बर्नीची पेपर मिल १९३८ मध्ये सुरू झाली आणि २०१० मध्ये बंद झाली, शनिवारची मॅच मात्र अजून आहे. ते पाहिलं तेव्हा हे गाव मला पहिल्यांदा ओळखीचं वाटलं.

आता कामाचं. साठीच्या पुढचा शेजारी, रुग्ण, घरमालक भेटला की त्याला हवामानाबद्दल विचारू नका. ‘युनियनच्या वेळी तुम्ही कुठल्या क्लबचे?’ असं विचारा. उत्तर अर्धा तास चालेल, चहाही मिळेल. या खेळाला रग्बी म्हणू नका, ‘फूटी’ म्हणा. गुणांची भाषा सोपी आहे: मधल्या दोन उंच खांबांमधून गेला तर गोल, सहा गुण. कडेच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, एक गुण. फळ्यावर १०.८ दिसलं तर तो दशांश नव्हे, दहा गोल आणि आठ बिहाइंड, म्हणजे ६८.

टास्मानियाला २०२३ मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये (एएफएलमध्ये) स्वतःचा संघ उतरवायचा परवाना मिळाला. त्या संघाचा कारभार ब्रेंडन गेलकडे दिला आहे. तो मूळ या किनाऱ्याचा, पेंग्विनमध्ये वाढलेला, आणि त्याचे वडील डॉन गेल युनियनमधले गाजलेले खेळाडू. त्यामुळे त्या संघाबद्दल किंवा होबार्टच्या नव्या स्टेडियमबद्दल इथे बोलणं निघालं तर घाईने मत देऊ नका. ज्यांनी एकदा राज्यभराच्या स्पर्धेसाठी आपली लीग दिली, त्यांचं आधी ऐकून घ्या.

मुलं लहान असतील तर त्यांना ऑसकिकमध्ये, म्हणजे लहान मुलांना फूटी शिकवणाऱ्या वर्गात, घाला. आईवडिलांची ओळख तिथे जेवढी लवकर होते तेवढी शाळेच्या फाटकाशी होत नाही. क्लबच्या कॅन्टीनला हात नेहमी कमी असतात. मीट-पाय (खिमा भरलेली पेस्ट्री) आणि चिप्स देणाऱ्या खिडकीमागे दोन शनिवार उभ्या राहा, तिसऱ्या शनिवारी लोक तुम्हाला नावाने हाक मारतील.

हंगाम एप्रिलच्या आसपास सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत चालतो, म्हणजे इथल्या ऐन थंडीतून. वेस्ट पार्क अगदी समुद्राला लागून आहे आणि बास सामुद्रधुनीवरचा वारा स्वेटरला जुमानत नाही. वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा घ्या. कुंपणाशी गाडी लावून काचेआडून मॅच पाहायची असेल तर लवकर पोहोचा. आपल्या बाजूचा गोल झाला की सगळे हॉर्न वाजवतात, तुम्हीही वाजवा.