नव्याचे नऊ दिवस: ब्राउझर बदलताना या चुका टाळा

नाशिकच्या सिडकोत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. लॅपटॉप घेऊन येणारी बरीच मंडळी रोगाचं निदान घरूनच करून येतात. "दादा, हा ब्राउझर लई रॅम खातोय. काढून टाका आणि एखादा हलका टाकून द्या." गेल्या हिवाळ्यात निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार असेच आले. लॅपटॉप जुना, रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, ४ जीबी, आत फिरती हार्ड डिस्क. ब्राउझर पूर्ण उघडेपर्यंत शेजारच्या टपरीवरून चहा येऊन निम्मा पिऊनही झाला.

वरच्या पट्टीत टॅब इतके दाटले होते की नावं दिसेनात, नुसती बारीक चित्रं. मी शिफ्ट धरून एस्केप दाबलं. हा ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर, म्हणजे आत काय चाललंय आणि कोण किती मेमरी खातंय त्याची यादी. विंडोजवर क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्हींत याच बटणांनी उघडतो, आणि तरी फारच थोड्या लोकांना माहीत असतो. मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं, तशी यादी मोठ्याकडून लहानाकडे लागली. सगळ्यात वर यूट्यूब नव्हतं, हवामानाचं पानही नव्हतं. होतं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, ऑनलाइन खरेदीला कूपन शोधून देणारा.

"हे तुम्ही टाकलंय?"

"नाही बुवा. पोराचं काम असेल."

ते काढलं, रोज न लागणारे टॅब बुकमार्कच्या एका फोल्डरात टाकून बंद केले. ब्राउझर तोच ठेवला. "मग दुसरा नाही टाकत?" म्हणाले. म्हटलं, भाऊ, आजार म्हशीला आहे, औषध पखालीला कशाला?

भरलेल्या ट्रकची शर्यत रिकाम्या ट्रकशी

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. जुन्या ब्राउझरमध्ये चार वर्षांचा पसारा असतो: पंचवीस-तीस टॅब, डझनभर एक्स्टेन्शन, प्रत्येक बातमीच्या साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी. नवा ब्राउझर कालच टाकलेला, कोरा. तो पळणारच. महिनाभरात त्याच्यातही तोच पसारा झाला की तोही धापा टाकतो आणि मग तिसऱ्याचा शोध सुरू.

खरी तुलना करायची तर आधी जुन्याच ब्राउझरमध्ये नवं प्रोफाइल, म्हणजे दुसरं कोरं खातं, काढा. क्रोम आणि एजमध्ये कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर क्लिक केलं की तो पर्याय मिळतो. फायरफॉक्समध्ये मदतीच्या मेन्यूत ट्रबलशूट मोड आहे, त्यात एक्स्टेन्शन बंद ठेवून ब्राउझर चालतो. कोऱ्या प्रोफाइलमध्ये तोच ब्राउझर झपाट्याने चालला, तर दोष ब्राउझरचा नाही, सामानाचा आहे. आता जुन्या प्रोफाइलमध्ये परत जाऊन सगळी एक्स्टेन्शन बंद करा आणि एकेक चालू करत जा, चोर सापडतो. काम कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या तासाचं.

दुसऱ्या ब्राउझरशी ताडून बघायचंच असेल तर दोन्हीकडे तीच सात-आठ पानं उघडा, म्हणजे तुमची रोजची: मेल, बँक, जीएसटीचं पोर्टल, एखादी मोठी शीट. कोरी पानं उघडून काढलेला आकडा कशालाच उपयोगी नाही.

टास्क मॅनेजरचा आकडा वाचताना

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये एकाच ब्राउझरच्या वीस ओळी दिसल्या की लोक घाबरतात. कुणी तर व्हायरस शिरला म्हणून लॅपटॉप घेऊन येतं. क्रोम २००८ मध्ये आला तोच या रचनेनं: टॅबना वेगवेगळ्या प्रोसेस (स्वतंत्र चालणारी कामं, त्याच या ओळी), म्हणजे एक पान कोसळलं तरी बाकीची टिकतात. २०१८ मध्ये प्रोसेसरमधला स्पेक्टर नावाचा दोष उघड झाला आणि एका साइटने दुसऱ्या साइटची मेमरी चोरून वाचण्याचा धोका समोर आला. तेव्हा क्रोमने ६७ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला वेगळी खोली द्यायला सुरुवात केली. त्यासाठी रॅम साधारण १० ते १३ टक्के जास्त लागेल, असं गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये हाच रस्ता धरला. बँकेचं पान आणि फुकट सिनेमाची साइट शेजारी-शेजारी उघडी ठेवणाऱ्यांनी या जास्तीच्या रॅमबद्दल कुरकुर करू नये, असं माझं मत.

यात गोची होते ती मोजण्यात. एका ब्राउझरच्या सगळ्या ओळींची बेरीज आणि दुसऱ्याची एकच ओळ अशी तुलना करून आलेले लोक मी पाहिलेत. आणखी एक म्हणजे मित्राच्या १६ जीबीच्या मशीनवरचा स्क्रीनशॉट. रॅम मोकळी असली की ब्राउझर ती हात सैल सोडून वापरतो, टंचाई झाली की मागचे टॅब सोडून देतो. त्यामुळे त्याच्याकडचा आकडा तुमच्याकडे लागू होत नाही.

बघायचंच तर परफॉर्मन्सच्या टॅबवर जाऊन दोन गोष्टी बघा. एकूण रॅम किती टक्के भरली आहे, आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकली आहे का. रॅम भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर टाकतं, आणि फिरत्या हार्ड डिस्कवर ही ने-आण फार संथ. "ब्राउझर अडकतोय" म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं. अशा मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणि जास्तीची रॅम टाकली, की कुठलाही ब्राउझर गुणी वाटायला लागतो. बागायतदारांनाही मी तेच सुचवलं. "हंगाम झाल्यावर बघू" म्हणाले.

झोपलेले टॅब

एजमध्ये २०२१ च्या सुरुवातीला टॅब झोपवण्याची सोय आली, क्रोममध्ये २०२२ च्या शेवटी मेमरी सेव्हर आलं. एका ब्राउझरमध्ये ही सोय चालू, दुसऱ्यात बंद, आणि मग "हा कमी रॅम खातो" असा निकाल! आधी दोन्हीकडची सेटिंग सारखी करा.

मात्र ही सोय डोळे झाकून चालू करू नका. मेमरी सेव्हरने सोडून दिलेल्या टॅबवर परत गेलं की पान नव्याने लोड होतं. आधीच लवकर लॉगआउट करणाऱ्या पोर्टलवर हे फार जाचक ठरतं. सेटिंगमध्ये नेहमी जाग्या ठेवायच्या साइटची यादी असते, त्यात अशी पोर्टलं घालून टाका.

वेगाची चाचणी

स्पीडोमीटर ३ ही चाचणी मार्च २०२४ मध्ये आली. ॲपल, गूगल आणि मोझिला या स्पर्धकांनी मिळून ती ठरवली, त्यामुळे आपल्या बाजूचा काटा मारल्याचा आरोप करायला जागा कमी. पण ती काय मोजते ते समजून घ्या. कामांच्या यादीत नोंदी घालणं, खूण करणं, पुसणं, आलेख काढणं अशा गोष्टींना ब्राउझर किती चटकन प्रतिसाद देतो, हे ती बघते. तुमच्या इंटरनेटचा त्यात संबंध नाही. आतल्या खोलीत वायफायची एकच दांडी येत असेल, तर चाचणीत कितीही गुण पडोत, पान रखडतच उघडणार.

चाचणी घ्यायचीच तर चार्जर लावून, बाकी सगळं बंद करून, तीनदा घ्या. एक ब्राउझर चार्जरवर आणि दुसरा बॅटरीवर तपासला तर निकाल बॅटरीचा लागतो.

आणि आकडे काढण्याआधी ब्राउझरच्या पोटात कुठलं इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, आहे ते बघा. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे क्रोमियम या एकाच खुल्या पायावर बांधलेले भाऊबंद, इंजिन ब्लिंक. ऑपेराने आपलं जुनं इंजिन २०१३ मध्ये सोडलं, एज जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर आला. फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट एवढीच मोठी वेगळी घराणी उरली आहेत. भाऊबंदांतल्या दोन-चार गुणांच्या फरकावर रात्र घालवण्यात अर्थ नाही. आयफोनवर तर आणखी गंमत. आपल्याकडे तिथल्या क्रोम, फायरफॉक्स सगळ्यांना वेबकिटच वापरावं लागतं, म्हणजे तुलना नुसत्या झब्ब्याची, अंगातला माणूस तोच.

ब्रेव्हबद्दल नेहमी ऐकू येतं, "काय पळतो!" पळतो, कारण जाहिराती अडवण्याची सोय त्याच्यात उपजतच आहे. जाहिराती न उतरवणारं पान हलकं असणारच. दुसऱ्या ब्राउझरमध्ये ॲडब्लॉकर टाका आणि मग बघा. इथे मात्र एक खरा फरक आहे. एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे यूब्लॉक ओरिजिन या ॲडब्लॉकरची मूळ आवृत्ती आता क्रोममध्ये चालत नाही, तिथे लाइट आवृत्तीवर भागवावं लागतं. फायरफॉक्समध्ये मूळ आवृत्ती अजून चालते. जाहिरातींचा ज्याला मनापासून वैताग आहे, त्याने वेगाच्या आकड्यांपेक्षा याच मुद्द्यावर निवड करावी.

रोज कॅशे, म्हणजे ब्राउझरने पुन्हा वापरायला साठवलेल्या फाइली, पुसण्याची सवयही सोडा. दर वेळी तेच लोगो, त्याच फाइली नव्याने उतरतात. पान बिघडल्यासारखं दिसलं तर त्या एका साइटचा डेटा पुसा, पुरे. रॅम साफ करून देणारी फुकट ॲप्स? नको.

जुनं विंडोज

सातपूर-अंबडच्या लहान वर्कशॉपांत अजून विंडोज ७ ची मशीन दिसतात. त्यांच्यासाठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३ च्या सुरुवातीची. फायरफॉक्सची ११५ ईएसआर, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती. इथे कुठला वेगवान हा प्रश्नच गैरलागू. त्या मशीनवर बँकेचं काम करू नका, बस.

घर सोडण्याआधी

ब्राउझर बदलायचं ठरलंच, तर जुना लगेच काढू नका. कॅनडा कॉर्नरजवळच्या एका हिशोबाच्या ऑफिसात नव्या मुलाने उत्साहाने सगळ्या मशीनवरून जुना ब्राउझर उडवला, तोही रिटर्न भरण्याच्या ऐन गर्दीत. सही करायची डिजिटल की नव्या ब्राउझरला ओळखेना, सेव्ह केलेले पासवर्ड गेले, आणि साहेबांचा फोन मला. जुनी सरकारी साइट अडून बसली असेल तर एजमधला आयई मोड एकदा बघावा. इंटरनेट एक्सप्लोरर ११ जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण हा मोड निदान २०२९ पर्यंत ठेवू, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. महिनाभर जुना-नवा शेजारी-शेजारी राहू द्या.

आणि पासवर्ड. एका ब्राउझरमधून काढून दुसऱ्यात घालताना जी फाइल तयार होते, ती साधी मजकुराची असते, कुलूप-किल्ली काही नाही. नोटपॅडमध्ये उघडली तरी साइट, नाव, पासवर्ड ओळीने दिसतात. दुरुस्तीला आलेल्या एका लॅपटॉपच्या डाउनलोडमध्ये अशी फाइल लग्नाच्या फोटोंच्या शेजारी पडलेली होती. मालकाला समोर बसवून ती त्यांच्याच हाताने पुसून घेतली, रीसायकल बिनमधूनही. तुमचं आयात करून झालं की त्याच मिनिटाला हे करा. मग "नंतर करू"ला जागा राहत नाही.

सोयींकडे मात्र लोक शेवटी बघतात. इंदिरानगरच्या एक निवृत्त बाई येतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांना मी एज लावून दिला, कारण त्यात मराठी पान मराठी आवाजात वाचून दाखवायची सोय आहे. आता सकाळची बातमी त्या भाजी निवडता-निवडता ऐकतात. परवा आल्या होत्या. तक्रार एकच, आवाजातली बाई जोडाक्षरांवर जरा अडखळते म्हणे.