टपावरचं कॅरियर बनवून घेताय? या चुका टाळा

फॅब्रिकेशनच्या दुकानात कॅरियरची बोलणी बहुतेक वेळा पाईपापासून सुरू होतात. "जाड पाईप टाका, भरभक्कम झालं पाहिजे." पण दुकानात बनलेलं कॅरियर क्वचितच मधल्या पाईपात मोडतं. ते पायाशी सुटतं, जोडाशी चिरतं, नाहीतर ज्या पत्र्यावर उभं आहे तो पत्राच फाडतं. भरभक्कम करायच्या नादात चढवलेलं प्रत्येक किलो त्याच पत्र्यावर बसतं.

इथे उदाहरणाला पाच दारांची सुझुकी जिम्नी घेतली आहे. तिच्या टपाच्या दोन्ही कडांना पावसाच्या पाण्याची पन्हळ आहे, तिला गॅरेजात गटर म्हणतात. कॅरियर त्या गटरला चिमट्यासारखं धरतं. जुन्या हार्डटॉप जिप्सीलाही हेच लागू. कापडी टपाच्या गाडीवर मात्र टपाला काहीच टेकवू नका, तिथे बॉडीवरून वर येणारी वेगळी चौकट लागते.

कॅरियरचं स्वतःचं वजन हिशेबात न धरणं

जिम्नीच्या मॅन्युअलात टपावरच्या वजनाची मर्यादा 30 किलो दिली आहे. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडा तिच्याच मॅन्युअलात बघा. या मर्यादेत सामानाबरोबर कॅरियरही येतं, आणि नेमकं हेच विसरलं जातं.

नेहमीच्या टोपलीछाप कॅरियरचा हिशेब मांडून बघू. दीड मीटर लांब, सव्वा मीटरला जरा कमी म्हणजे 1.2 मीटर रुंद. लांबीच्या दोन दांड्या, पाच आडव्या, वर कठड्याचं एक रिंगण आणि त्याच्या उभ्या खुंट्या धरून सुमारे 16 मीटर पाईप लागतो. 25 मिमी चौकोनी, 1.6 मिमी जाडीचा लोखंडी पाईप मीटरला साधारण 1.18 किलो भरतो, म्हणजे 19 किलो. 5 मिमी पट्टीचे सहा पाय, प्रत्येकी 900 ग्रॅम धरले तर साडेपाच किलो. 3 मिमी तारेची, 50 मिमी घराची जाळी आणखी 4 किलो. झाले साडेअठ्ठावीस! नटबोल्ट आणि रंग धरला की मर्यादा संपली. वर एक सतरंजीही ठेवता येत नाही.

आता कठडा आणि जाळी काढून टाका. 40 × 20 × 2 मिमीचा ॲल्युमिनियम सेक्शन घ्या, तो मीटरला 600 ग्रॅम भरतो. लांबीच्या दोन आणि आडव्या चार दांड्यांना 7.8 मीटर पुरतो, म्हणजे पावणेपाच किलो. पाय लोखंडीच ठेवले आणि जोडपट्ट्या धरल्या तरी सगळं मिळून 11 किलोच्या आसपास. सामानाला 19 किलो उरतात. तंबू, चटया, स्लीपिंग बॅग, फावडं एवढं त्यात बसतं. पाण्याने भरलेला 20 लिटरचा कॅन बसत नाही. तो गाडीत, मागच्या सीटच्या पाठीशी, तळाला ठेवा. पेट्रोलचा कॅन टपावर कधीच ठेवू नका. उन्हात वाफ धरते, आणि गाडी कलंडली तर सगळ्यात आधी तोच चेपतो.

"मॅन्युअल घाबरवतं, लोक 100 किलो टाकतात," असं दुकानात हमखास ऐकायला मिळेल. टाकतात, हे खरं आहे. त्याने काय होतं ते आकड्यात बघा. समजा 1,200 किलोची गाडी आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 65 सेंमीवर आणि चाकांमधलं अंतर 1.4 मीटर. कागदावरच्या गणिताने ती 47 अंशांना कलंडेल. 1.85 मीटर उंचीवर 100 किलो ठेवले की गुरुत्वमध्य 74 सेंमीवर जातो आणि तोच कोन 43 वर येतो. सस्पेन्शन दबल्याने प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून बरेच खाली असतात. उताराला आडवी वाट कापताना खालच्या बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की हेच चार अंश कमी पडतात.

पाय बसवताना होणाऱ्या चुका

गटर म्हणजे जेमतेम मिलिमीटरभराचे पातळ पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड केलेले, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी जोडलेले असतात. त्यांच्या सांध्यात सीलंट असतं. त्यावर अरुंद पाय बसवला की भार एका बिंदूवर येतो आणि पत्रा आधी वाकतो, मग स्पॉट वेल्डजवळ फाटतो. पायाची बैठक किमान 100 मिमी रुंद हवी. एका बाजूला तीन पाय ठेवा, आणि ते शक्य तितके दारांमधल्या खांबांच्या डोक्यावर येऊ द्या. खांबांच्या मध्ये, दाराच्या कमानीवर आलेला पाय हादऱ्यागणिक कमान दाबत राहतो.

पायाची आतली बाजू सरळ पट्टीची ठेवली तर ती फक्त दोन टोकांना टेकते. गटरला किंचित बाक असतो. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, तो गटरमध्ये उभा धरून फट दिसेनाशी होईपर्यंत कातरत आणा, मग पट्टी त्याबरहुकूम घासा. मध्ये 3 मिमी ईपीडीएम (ऊन-पावसाला टिकणारं) रबर घाला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा नको, तो पातळ असतो आणि पट्टीच्या कडेने कापला जातो. एकदा तो कापला की लोखंड रंग खरवडतं. कोकणात नेहमी जाणारी गाडी असेल तर तिथून गंज आत शिरायला एक पावसाळा पुरतो.

चिमट्याची खालची पट्टी दाराच्या वरच्या कडेवर आपटते का, हे बोल्ट आवळण्याआधी तपासा. मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा पट्टीवर चिकटवा, दार सावकाश लावा, उघडा. गोळा चेपून 5 मिमीपेक्षा पातळ झाला असेल तर पट्टी कापावी लागेल. गाडी खडबडीत वाटेवर पिळवटते तेव्हा दार आणि टप यांतलं अंतर बदलतं, म्हणून ही फट ठेवायचीच.

बोल्ट प्रत्येक पायाला दोन, एम 8 (8 मिमी व्यासाचे), ग्रेड 8.8 (हा ताकदीचा दर्जा). या बोल्टला पूर्ण टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, साधारण 25 न्यूटन-मीटर चालतो, पण तो बोल्टचा आकडा आहे, गटरचा नव्हे. तेवढा लावलात तर पत्रा चेपेल. 10 ते 12 वर थांबा, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. दुसऱ्या दिवशी रबर दबून बोल्ट सैल झालेले आढळतील, पुन्हा त्याच आकड्यावर आणा. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्याने सैल न होणारा) वापरा. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला तर आटे धरतात आणि मग तो कापूनच काढावा लागतो. आट्यांना आधी अँटीसीझ (आटे धरू न देणारं ग्रीस) लावा.

टपाला भोक पाडणं

"चार भोकं मारू, वरून सिलिकॉन भरू" असं कोणी म्हटलं तर गाडी तिथून काढा. जिम्नीत सहा एअरबॅग येतात. त्यांतल्या दोन पडदा-एअरबॅग टपाच्या कडेला, दारांच्या वर, अस्तराच्या आत घडी करून ठेवलेल्या असतात. ड्रिलचं टोक तिथे गेलं तर पिशवी किंवा तिची वायर तुटते, आणि हे बाहेरून कळत नाही.

कायद्याचंही इथेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सामान बाजूला, पुढे-मागे किंवा ठरलेल्या उंचीबाहेर आलं तर कलम 194 खाली 20,000 रुपये दंड आहे. कॅरियर पान्याने निघणारं ठेवा आणि काम नसेल तेव्हा उतरवून ठेवा.

जोड: दिसायला छान, आतून पोकळ

पाईप निवडताना बरेच वेल्डर हाताशी असलेला फर्निचरचा 18 गेज पाईप घेतात. तो 1.2 मिमीचा असतो, त्यावर वेल्डिंग करताना पाईप जळतो आणि मग त्यावर थापा मारून भोक बुजवलं जातं. लोखंडच वापरायचं असेल तर 1.6 मिमीच्या खाली जाऊ नका, आणि आडव्या दांड्या तीनवर आणून वजन कमी करा.

सगळ्यात घातक सवय म्हणजे वेल्ड ग्राइंडरने घासून पाईपाशी सपाट करणं. पावडर कोटिंगखाली ते सुरेख दिसतं, पण जोडाची ताकद त्या फुगवट्यातच असते. आधीच टाके मारून ठेवलेला जोड घासला तर उरतो तो नुसता कागद. वेल्डरला आधीच सांगा: चारही बाजूंनी पूर्ण वेल्डिंग, फक्त स्लॅग (वेल्डवरची खपली) झाडायचा, ग्राइंडर लावायचा नाही. चारही कोपऱ्यांत 3 मिमी पत्र्याचे 50 मिमीचे त्रिकोण बसवा, नाहीतर ब्रेक मारल्यावर चौकट समांतरभुज होऊ बघते.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना 25 मिमीपर्यंत जस्त घासून काढा. जस्ताचा धूर वेल्डरला तापाने आडवा करतो, शिवाय वेल्डमध्ये बुडबुडे धरतात. ॲल्युमिनियम मात्र शक्यतो वेल्ड करूच नका. टी 6 टेंपरचा (उष्णता देऊन कडक केलेला) सेक्शन वेल्डच्या उष्णतेने जोडाशेजारी बराच मऊ पडतो, आणि सततच्या हादऱ्यांनी तडा नेमका तिथेच जातो. कोनपट्ट्या आणि बोल्टने जोडा. लोखंडी पाय आणि ॲल्युमिनियम यांच्या मध्येही रबर हवं, नाहीतर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडत जातं.

बंद पाईपाच्या खालच्या बाजूला 5 मिमीचं भोक ठेवा, आत शिरलेलं पाणी निथळलं पाहिजे.

गाडीवर ठेवून वेल्डिंग करू देऊ नका. "एकच टाका मारतो" म्हणून हे होतं. ठिणग्या काचेत आणि रंगात रुततात, करंट इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरू शकतो. खूण करा, कॅरियर उतरवा, खाली वेल्ड करा.

चढवण्याआधी आणि चढवल्यावर

पाय जिथे टेकणार तिथे विटा ठेवून कॅरियर जमिनीवर उभं करा. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा सामान तिप्पट वजनाचं असल्यासारखं दाबतं, म्हणून 19 किलोच्या सामानासाठी वाळूची 57 किलोची गोण मध्यभागी ठेवा. लांबीच्या दांडीला टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून झोळ मोजा, तासाभराने गोण काढा. दांडी पूर्ववत सरळ झाली नाही तर ती कायमची वाकली आहे, सेक्शन बदला.

गाडीवर बसवल्यावर कॅरियरची कड धरून जोरात हलवा. सगळी गाडी स्प्रिंगांवर डोलली पाहिजे, कॅरियर गाडीपासून वेगळं हलता कामा नये. प्रत्येक नटवर आणि पट्टीवर मिळून पेंट मार्करची एक रेघ ओढा. पहिल्या 50 किलोमीटरनंतर, आणि पुढे कच्च्या वाटेवर प्रत्येक मुक्कामी, रेघ तुटली का एवढंच बघायचं.

सामान रॅचेट पट्ट्याने (खटक्याने आवळायच्या पट्ट्याने) बांधा. रबरी बंजी ताणली जाते, नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते. पट्टा कठड्याला नाही, आडव्या दांडीला अडकवा. डॅशबोर्डवर सामानासकटची उंची चिकटवून ठेवा, बेसमेंट पार्किंगच्या दाराशी ती आठवत नाही.

तक्रार आली तर

शिट्टी वाजत असेल तर आधी पाईपांची उघडी टोकं बुजवा. तरी वाजली तर पुढच्या आडव्या दांडीवर 6 मिमी दोरी मळसूत्रासारखी, दर 10 सेंमीला एक वेढा, घट्ट गुंडाळा. पट्टा घरघरत असेल तर त्याला एक पीळ द्या.

टिकटिक आवाज वळणावर येत असेल तर पाय सैल आहे. खड्ड्यावर येत असेल तर जोड तपासा: रंगावर केसासारखी तांबूस रेघ दिसली की तो तडाच आहे. वरून वेल्डचा थर देऊ नका, तो भाग कापून बदला.

पावसात अस्तर ओलं होत असेल तर गटरमध्ये पायाच्या दोन्ही बाजूंना बघा. सीलंट चिरलेलं दिसेल. त्यावर सिलिकॉन थापलं की पाणी काही दिवस थांबतं, पत्र्याची हालचाल थांबत नाही. कॅरियर उतरवा, सुटलेलं सीलंट खरवडा, गंज घासून प्रायमर द्या, सीम सीलर (पत्र्याच्या सांध्यात भरायचं सीलंट) भरा. पत्रा वाकलेला असेल तर त्या जागी पुन्हा पाय बसवू नका.